पालथा रांजण

माझ्या वहीत त्या कामाची पहिली नोंद अशी आहे: टोपल्या चाळीस, मऊ ब्रश सहा, घमेली चार, सुतळी, चिठ्ठ्या, न पुसणारी शाई, पिण्याचं पाणी. त्याखाली लाल पेनानं एकच ओळ: टोपली चिठ्ठीशिवाय हलणार नाही.

ही ओळ माझी. मी एका कॉलेजात प्रयोगशाळांचं भांडार सांभाळते. परीक्षानळ्या किती आल्या, किती फुटल्या, कोणाच्या हातून फुटल्या, हे मला वहीशिवायही सांगता येतं. म्हणूनच आमच्या इतिहास विभागानं तापीकाठच्या एका टेकाडावर उत्खननाचं काम घेतलं, तेव्हा खापरांच्या याद्या करायला सहा आठवडे मला तिकडं पाठवलं. जाताना एक सहकारी म्हणाले, "मॅडम, इथं फुटू नये म्हणून जपायचं, तिथं फुटलेलंच जपायचं." मी हसले, पण गोष्ट खरीच होती.

टेकाड चोपड्याच्या वाटेवर, नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. गावात त्याला 'पांढरी' म्हणतात. जुन्या वस्तीची ती माती, राखेसारखी. पिढ्यान् पिढ्या लोकांनी ती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेली, त्यामुळं टेकाडाचा निम्माच भाग उरला होता. चारी बाजूंनी केळी. जमिनीचे मालक नाना, साठीचे. परवानगी एका हंगामाची होती आणि होळीनंतर नाना उरलेला भाग सपाट करून तिथंही केळी लावणार होते. रोज सकाळी ते खड्ड्याच्या कडेला उभे राहायचे आणि म्हणायचे, "मन्ही केळी वाट दखी राह्यनी, नि तुम्हीन फुटेल खापर वेची राह्यनात!" पण चहा त्यांच्याच घरून यायचा.

काम ज्यांचं होतं त्या संशोधक बाई पस्तिशीच्या, मूळच्या जळगावच्या. डोक्यावर मोठी टोपी, खिशात फुटपट्टी आणि भिंग. पहिल्या दिवशी त्यांनी मला त्यांचा प्रश्न समजावून सांगितला. मी तो जसाच्या तसा लिहून घेतला, कारण कशाची यादी करायची ते कळलं नाही तर यादी चुकते. तीन वर्षं त्या तापीच्या दोन्ही काठांनी पायी हिंडल्या होत्या. लोखंड यायच्या आधीच्या माणसांच्या लहान लहान जागा त्यांना सापडल्या होत्या. सगळीकडं तेच: हलकी, लहान मडकी, बुडाला काजळी. म्हणजे चार दिवस थांबायचं, रांधायचं, पुढं जायचं. त्यांना पक्कं वाटत होतं की या माणसांचं कुठंतरी घर असणार. ही पांढरी ते घर होतं, की तीही एक मोठी मुक्कामाची जागा?

"आणि हे खापरांवरून कळतं?" मी विचारलं.

"माणसं खोटं बोलतील, खापर बोलत नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी दोन तुकडे माझ्या हातात ठेवले. एक पातळ, बाहेरून काळा. "हे चुलीवर होतं. पण बघा, बूड मधोमध तांबडं आहे आणि काळं आहे ते कडेनं. म्हणजे तीन दगडांवर ठेवलेलं, खाली निखारे." दुसरा तुकडा जाड, माझ्या अंगठ्याएवढ्या जाडीचा, तोंडाचा काठ बाहेर वळलेला. काठाच्या वळणावरून त्यांनी कागदावर वर्तुळ पुरं केलं. माझ्या घरच्या पिठाच्या डब्याहून मोठं तोंड निघालं. "हे साठवणीचं. काळं जास्त आणि जाड कमी निघालं, तर मुक्काम. जाड बरंच निघालं आणि ते चुलीवर चढलेलं नसलं, तर घर. म्हणून काजळी कुठं आहे आणि कुठं नाही, तेच माझ्यासाठी सगळं आहे."

तळहाताएवढ्या तुकड्यावरून अख्खं मडकं, मडक्यावरून चूल आणि चुलीवरून घर उभं करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. संध्याकाळी घरी फोन केला तेव्हा मी फक्त त्यांच्याबद्दलच बोलत होते.

दुसऱ्या आठवड्यात बाईंना चार दिवस जळगावला जावं लागलं. त्यांचे दोन विद्यार्थी खणण्याकडं बघणार होते आणि धुण्याचं काम माझ्याकडं. धुवायला गावातल्या पाच बायका होत्या. सूचना होती: पाणी आणि मऊ ब्रश. माझ्या वहीत तेवढंच लिहिलेलं आहे.

तिसऱ्या दिवशी ब्रशांचे केस गळून गेले. मी चोपड्याला निरोप पाठवला, पण नवे ब्रश दुसऱ्या दिवशी येणार होते. दुपारी जेवण करून परत येते तो नानांच्या केळीच्या शेडमध्ये गोणपाटावर खापरं अशी चकाकत होती की मी थबकले. तांबडी, गुलाबी, काहींवरच्या काळ्या रेघांची नक्षी स्पष्ट. बायकांनी घरून राख आणली होती, सोबत नारळाचा चोथा. घरची पितळी भांडी जशी घासतात तशी त्यांनी तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची खापरं घासून काढली होती.

"अक्का, दखा! बठ्ठं उजळी दिनं!" त्यांच्यातली सगळ्यात बोलकी म्हणाली.

मला आनंद झाला, हे मी इथं कबूल करते. मी स्वतः काळं भांडं मांडणीवर ठेवत नाही. इतकं स्वच्छ काम बघून मी त्या दिवशीच्या नोंदीपुढं लिहिलं: 'राख वापरली. उत्तम.' आणि आदल्या दोन दिवसांच्या टोपल्याही त्यांच्याकडं दिल्या, म्हटलं याही घासून घ्या. बाईंनी सांगितलेली काजळीची गोष्ट मला पाठ होती. पण खापरावरचा काळा थर ही काजळी, आणि घासून निघणारा काळा थर ही घाण, असं माझ्या हातांनी परस्पर ठरवून टाकलं. डोक्याला कोणी विचारलंच नाही.

शनिवारी सकाळी बाई आल्या. टोपी काढली, गोणपाटापाशी बसल्या, एक तुकडा उचलला. मग दुसरा. मग भिंग काढलं आणि परत खिशात ठेवलं.

"हे कशानं धुतलं?"

मी वही उघडून दाखवली. 'राख वापरली. उत्तम.' त्यांनी ती ओळ वाचली आणि वही मिटून माझ्या हातात दिली. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

बोलक्या बाईला काहीतरी बिनसल्याचं कळलं. ती म्हणाली, "पाव्हना उना ते काळं भांडं पुढे ठेवसूत का, बाई? तुम्हीन जळगावथीन येनार व्हतात."

त्यांनी खापरं घासली होती ती पाहुणी येणार म्हणून. बाई कसंनुसं हसल्या. "बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. मला बाजूला घेऊन मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं, "सतरा टोपल्या गेल्या. माणसं जिथं राहत होती त्या थरातल्या, सगळ्यात महत्त्वाच्या. खाली आता थोडंच उरलंय. काजळीशिवाय मी हे घर होतं असं म्हणू शकत नाही. नव्हतं असंही नाही. तीन वर्षांचं काम अर्ध्यावर लटकलं."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "चूक माझी. खापरं कोणी राखेनं घासेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही."

ती रात्र माझी कशी गेली ते सोडा. सकाळी उठले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली होती. भांडी घासणारीला भांडं आठवतं. माझ्या घरची दुधाची पातेली कुठं लागते आणि आमटीचं भांडं कुठं, हे मी डोळे मिटून सांगेन. मग या पाचजणींना आठवणार नाही?

रविवार सुट्टीचा होता, तरी पाचही जणी आल्या. मी सतराच्या सतरा टोपल्या गोणपाटांवर चिठ्ठ्यांसह ओळीनं मांडल्या. बाई बघायला बसल्या. चेहऱ्यावर आशा नव्हती, पण नकोही म्हणाल्या नाहीत. मी एक युक्ती केली. या बायकांनी कधी हात न लावलेले दहा स्वच्छ तुकडे, बाईंनी पहिल्या आठवड्यात स्वतः धुतलेले, मध्ये मध्ये मिसळून दिले. आणि बायकांना एकेक करून आत बोलावलं, बाकीच्या बाहेर बांधावर. प्रत्येकीला एकच विचारलं: कोणता तुकडा नुसत्या पाण्यानं निघाला आणि कोणत्याला किती राख लागली?

पहिली आली ती बोलकी. तिनं ओळीवरून चालता चालताच सुरुवात केली. "हाई? हाई नुसतं पानी. हाई बी. हाई पातळ बूड, याले दोन मुठी राख लागनी. मन्हा हात दोन दिन दुखना."

बाहेरून आवाज आला, "तुन्हा हात ते मोबाईल धरी धरी दुखस!"

"तू चूप बैस व! तुन्हं ते एक बी नीट निघनं नही!"

मी लिहीत होते. नुसतं पाणी. एक मूठ. दोन मुठी. 'चिकट काळं, निघेना.' मिसळलेल्या तुकड्यापाशी ती थांबली, उचलून पाहिला आणि खाली ठेवला. "हाई आमनं नही."

बाईंनी मान वर केली.

पाचजणी झाल्या. दहापैकी आठ तुकडे त्यांनी एकमतानं 'आमचे नाहीत' म्हणून बाजूला काढले आणि उरलेल्या दोन तुकड्यांवरून त्या आपसांत भांडल्या. राखेच्या मुठींचा हिशेबही एकमेकींशी बहुतेक जुळला. बाईंनी माझी यादी दोनदा वाचली. "हा पुरावा म्हणून मी काजळीच्या रकान्यात लिहू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण वेगळा रकाना करू. 'धुणाऱ्यांच्या आठवणीवरून.' लपवायचं काही नाही." आणि मग हळूच, "मला स्वतःला एवढं आठवलं नसतं."

हे चाललं असताना शेडच्या दाराशी आणखी एक बाई येऊन बसली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची, पंचेचाळिशीची असेल. दसरा झाला की तिचं कुटुंब कापूस वेचायला खाली उतरतं आणि शेताच्या बांधावर पालं ठोकून होळीपर्यंत राहतं. वेचणी नसेल त्या दिवशी ती आमच्याकडं माती वाहायला यायची. घरी तिची बोली वेगळी, आमच्याशी खान्देशीत बोलायची, तेही मोजकं. तिनं खापरं घासली नव्हती, त्यामुळं तिला मी काही विचारलं नव्हतं.

ती उठली आणि 'नुसतं पाणी' असं लिहिलेल्या ढिगापाशी गेली. जाड काठाचा एक तुकडा तिनं दोन्ही हातांनी उचलला, आतून बोट फिरवलं.

"हाऊ चुलावर चढेल नही," ती म्हणाली.

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

"हाऊ रांजन. घरना शे. हाऊ उचलीसन कोन लई जाई?" मग तिनं बोटानं बाहेर, बांधावरच्या आपल्या पालाकडं दाखवलं. तिथं काय होतं ते मला रोज दिसायचं: दोन पातेली, तवा, एक ॲल्युमिनियमची कळशी. "मन्हा बी शे. घर. पालथा."

"पालथा का?"

"आम्हीन खाले उतरतस तव्हय पालथा करी येतस. नही ते उंदीर, विंचू, धूळ. होळीले जासूत, मंग सुल्टा करसूत."

बाई पुढं सरकल्या. "तोंड खाली करून? घर बंद करताना?"

तिनं बाईंकडं असं पाहिलं, जसं एखादीला चहात साखर कधी घालायची हे विचारल्यावर आपण पाहू. बाकीच्या हसल्या. बोलकी म्हणाली, "बाईना घर फ्रीज शे व, त्यास्ले काय माहीत!"

बाई मात्र हसल्या नाहीत. टोपीही न घेता त्या उन्हात चालू लागल्या. मी वही घेऊन मागं. खणायला आखलेल्या चौकोनांपैकी तिसऱ्यात शुक्रवारी विद्यार्थ्यांना मातीत एक गोल, फुगीर भाग लागला होता. माझ्या नोंदीत तो 'मोठ्या मडक्याचं बूड, सुटं, फुटून घरंगळलेलं' असा होता. विद्यार्थ्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं होतं. बूड वर म्हणजे ते तुटून उलटं पडलेलं, यात कोणाला शंका आली नव्हती.

सोमवार आणि मंगळवार बाईंनी तिथं स्वतःच्या हातानं काम केलं, लहान कुंच्यानं. बुडाखाली पोट लागलं, पोटाखाली मान. कुठंही सुटलेलं नव्हतं. तडे गेले होते, पण अख्खा रांजण जागच्या जागी होता. बुधवारी दुपारी काठ दिसला. तो चोपून केलेल्या जमिनीवर सपाट टेकलेला होता, आणि डगमगू नये म्हणून कडेला तीन गोटे लावलेले होते. बाहेर जमिनीवर बोटभर गाळ आणि पायाखाली चुरडलेली बारीक खापरं. बाईंनी रांजणाचे तडकलेले तुकडे एकेक करून उचलले. आत, काठाच्या वर्तुळात, तड्यांतून झिरपलेली मऊ माती तेवढी. ती उचलली तर खाली जमीन स्वच्छ, जणू कोणी झाडून मग रांजण ठेवला होता.

खड्ड्याच्या कडेला सगळे उभे होते, नानासुद्धा. मी त्या तीन गोट्यांकडं बघत होते. मीही गावाला जाताना घागर पालथी घालते आणि ती हलू नये म्हणून खाली फडकं लावते. एवढी काळजी करणारं कोणीतरी या जमिनीवर वाकलेलं होतं.

नाना म्हणाले, "कोन्ही बाई व्हती. गडीस्ले एवढं सुचस नही." सगळ्या बायकांनी एकदम मान डोलावली.

"एक रांजण म्हणजे पुरावा नाही," बाई सारखं म्हणत राहिल्या, पण आवाज बदलला होता. पंधरा दिवसांनी शेजारच्या चौकोनात दुसरा निघाला. तोही पालथा, त्यालाही गोटे. त्या संध्याकाळी त्यांनी मला त्यांचं उत्तर लिहून घ्यायला सांगितलं. हे घर होतं. पण बारा महिने त्यात कोणी राहत नव्हतं. माणसं ठरावीक काळ जायची, हलकी मडकी घेऊन, आणि परत येणार म्हणून जड रांजण पालथे घालून जायची. आणि जायची कुठं? कदाचित नदीकाठच्या त्याच लहान जागांवर, ज्या बाईंनी तीन वर्षं पायी हिंडून शोधल्या होत्या. 'कदाचित' या शब्दाखाली त्यांनी मला दोन रेघा मारायला लावल्या. "मी घर की मुक्काम असं विचारत होते," त्या म्हणाल्या, "प्रश्नच अर्धा होता. उरलेला तिनं पुरा केला."

अहवालात माहिती देणारी म्हणून तिचं नाव लिहायचं, असा बाईंचा आग्रह होता. तिनं नको म्हटलं. "त्यामा काय सांगानं? बठ्ठासले माहीत शे." पण दुसऱ्या रांजणापाशी उभी राहून तिनं त्या माणसांबद्दल एक विचारलं, "मंग त्या परत उनात का?"

बाईंनी रांजणाकडं पाहिलं. तो अजून पालथा होता. "या वेळी नाही," त्या म्हणाल्या.

खाली वाकून तिनं एक सुटलेला गोटा काठाला परत लावून ठेवला. नियमाप्रमाणं असं करायचं नसतं. ना बाईंनी तिला अडवलं, ना मी.

होळीच्या आठवडाभर आधी तिचं कुटुंब पातेली, तवा आणि कळशी घेऊन टेम्पोत बसलं. माझे सहा आठवडे केव्हाच संपले होते, पण खापरं पेट्यांत भरायला मी त्या दिवशी आले होते. टेम्पो हलता हलता मी तिला ओरडून सांगितलं, "रांजन सुल्टा कया की निरोप धाडा!" ती हसली.

धुळवडीनंतर नानांचा फोन आला. टेकाडाचा जिथं रांजण होते तो तुकडा ते या वर्षी सपाट करणार नव्हते, बाजूनं केळी लावणार होते. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी. "आनि अक्का, ती पाड्यावरली बाईना निरोप शे," ते म्हणाले. "फक्त दोन शब्द. सुल्टा कया. माले काई समजनं नही, तुम्हले समजनं का?"

समजलं, म्हटलं. माझ्या वहीत रांजणांची यादी आहे. पहिला, तिसरा चौकोन, पालथा. दुसरा, चौथा चौकोन, पालथा. तिसरा, सातपुड्याच्या पायथ्याचा पाडा, सुलटा. तिसरी नोंद अहवालात गेलेली नाही.